भिंतीमधली चार बोटं

बाई आधी भिंतीला हात लावायच्या, मग घरातल्या माणसाशी बोलायच्या. कुणाच्याही घरी गेल्या तरी हेच. दारात चप्पल काढली की उजवा तळवा भिंतीवर ठेवून थोडा वेळ उभ्या राहायच्या. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवतात, तसा. मग आत येऊन बसायच्या, पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं आहे ना सगळं?" हे त्या माणसाला विचारायच्या की भिंतीला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

लातुरात आमच्या गल्लीत त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. शाळेत शिकवायच्या. पुढं नोकरी सोडली तरी नाव तेच राहिलं. लग्न केलं नव्हतं. उंच, हडकुळ्या, अंगावर खळ घातलेलं सुती पातळ. बोलणं सावकाश. वाक्यातला शेवटचा शब्दसुद्धा फळ्यावर लिहिल्यासारखा स्वच्छ. गल्लीतली दांडगट पोरंही त्या समोरून आल्या की सायकलवरून उतरून चालत जायची.

भूकंप झाल्यावर सगळं लातूर बाहेर झोपत होतं. अंगणात, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात. मग थंडी आली, लोक एकएक करून घरात परतले. कुणी कुणी पुढं कितीतरी दिवस झोपताना तांब्यावर पेला उपडा ठेवायचं, हादरा आला तर तो पडून जाग यावी म्हणून. पण झोपायचे घरातच. बाई परतल्या नाहीत. त्यांनी भाड्याची खोली सोडली आणि आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची मोकळी जागा होती, तिच्या कोपऱ्यात पत्र्याचं शेड टाकून राहू लागल्या. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भाकरी भाजावी इतकं तापायचं. लोक म्हणायचे, "बाई, आता पुरे की. घर बघा एखादं." बाई म्हणायच्या, "पत्रा अंगावर पडला तर टोचतो फक्त."

शेडात तरी त्या झोपायच्या कुठं? पहाटे मी पाण्याला निघाले की त्या खुर्चीत बसलेल्या दिसायच्या. डोळ्यांखाली काळं धरलं होतं. चालताना मधेच थांबायच्या, आपण कुठं निघालो ते विसरल्यासारख्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असंच चाललं तर डोकं किंवा काळीज, दोनातलं एक हात टेकील.

मी रेणापूरकडची. चार यत्ता शिकले. नवरा लातुरात बांधकामावर होता, मीही त्याच्याबरोबर बिगारी करायची. मला बोलायला फार जमत नाही. बाईंना ते आवडलं असावं. मी त्यांच्या घराच्या कामावर लागले त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "सुंदरा, मला एकदा भिंतीआड नीट झोपायचंय. एवढंच आहे माझं काम. बाकी घर मला कशाला हवं होतं?"

ते काम गफूर मिस्त्रीनं घेतलं होतं. लातुरातलं जुनं घराणं, बाप-आजापासून बांधकामच. तोंडात कायम पान, त्यामुळं तो वर आभाळाकडे बघून बोलायचा. बाईंनी त्याला विचारलं, "मिस्त्री, बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी भिंत होते का?"

"व्हती की. पर बाई, मंग आतला बी बाहीर जात न्हाई. तुमी आतून बोंबललात तरी शेजारी यायचा न्हाई."

"नको येऊ दे," बाई म्हणाल्या.

तशी भिंत आमच्याकडं कुणी पाहिली नव्हती. बाहेरून नऊ इंची विटेची भिंत, मग चार बोटं मोकळी जागा, आणि आतून पुन्हा चार इंची भिंत. मधल्या जागेत आतल्या भिंतीला चिकटून थर्माकोलच्या पातळ पाट्या उभ्या लावायच्या. ऊन बाहेरच्या भिंतीला हवं तेवढं तापवील, पण ती चार बोटं त्याला आत येऊ देणार नाहीत, असं मिस्त्री म्हणाला. पायाशी, चौकटींच्या वर आणि छताखाली लोखंड-सिमेंटचा पट्टा घरभर फिरवायचा. तो पट्टा भूकंपानंतर सगळेच घालत होते.

मधल्या जागेत सिमेंटचा माल सांडू द्यायचा नाही, हे काम माझ्याकडं होतं. दोरीला बांधलेली एक लाकडी पट्टी त्या फटीत सोडलेली असायची. विटा रचताना ओघळलेला माल तिच्यावर पडायचा. थोडे थर चढले की मी पट्टी वर ओढायची, खरवडायची, पुन्हा सोडायची. माल तळाशी साचला तर बाहेरची ओल त्याच्यावरून चालत आतल्या भिंतीत येते. मिस्त्री म्हणायचा, "पट्टी नीट वढ ग बाय. एकदा वाट पडली का मंग तिच्यावरनं समदंच येतंय."

काम सुटलं की बाई बॅटरी घेऊन यायच्या. भिंतीवर ओणव्या होऊन फटीत उजेड टाकायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आत काही राहिलं नाही ना?"

"काय ऱ्हाईल बाई?" मिस्त्री हात धूत म्हणायचा. "उंदराचं पिल्लू ऱ्हाईलं तर ऱ्हाईलं. ते बी भाडं दील."

बाई हसायच्या नाहीत. एकदा मी घमेली उचलत होते तेव्हा मला दिसलं, त्यांनी बॅटरी विझवली होती आणि तोंड फटीजवळ नेलं होतं. ओठ हलत होते. मग मान वळवून त्यांनी कान तिथं लावला.

भिंत गुडघ्याएवढी झाली तेव्हा मिस्त्रीनं सळईचे वाकवलेले तुकडे आणले. एक टोक बाहेरच्या भिंतीत बसवायचं, एक आतल्या. तो त्यांना टाके म्हणायचा. "गोधडीला असतेत न्हाई का, तसे. दोन थर एकजीव ऱ्हातेत."

बाई म्हणाल्या, "हे नको."

"का वो?"

"लोखंडातून आवाज येतो."

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली. पान थुंकून आला. मग आभाळाकडं न बघता सरळ बाईंकडं बघून बोलला. तसं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

"बाई, टाक्याबिगर दोन भिती हुभ्या केल्या तर ती कोनची भित झाली? तुमी तिकडंच व्हता म्हनं, निलंग्याकडल्या गावात. तिकडल्या दगडी भितीला बी दोनच तोंडं व्हती. मंधी माती न् चिपा. तिथं आरपार दगड घालावा लागतो मदून मदून, दोन्ही तोंडास्नी धरून ठिवनारा. त्यो कुनी घातला न्हाई. हादरा बसला का पोट फुगलं, एक तोंड आत पडलं, एक बाहीर."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"माझ्या आज्यानं बांधल्यात भिती त्या बाजूला. त्यानं बी न्हाई घातले. आरपार दगड घडवायला येक दीस जातो. घरधनी म्हनायचा, लवकर आवरा. आजा म्हनायचा, भित तर हुभी हाय की." त्यानं एक टाका उचलून बाईंपुढं धरला. "मी टाके न घालता काम करनार न्हाई. दुसरा गवंडी बघा. वंगाळ वाटून घिऊ नका."

बाई विटांच्या ढिगावर बसल्या. मला वाटलं, त्या आता त्याला जायला सांगणार. पण त्यांनी पदरानं मान पुसली आणि वर्गात धडा सांगावा तसं सांगायला लागल्या. आवाज जरासुद्धा हलला नाही.

गणपतीसाठी त्या धाकट्या बहिणीकडं गेल्या होत्या. बहिणीचं नाव निर्मला, घरात निमी. तिचा नवरा परगावी होता. विसर्जन झालं, दोघी उशिरापर्यंत बोलत बसल्या, मग बाई एका खोलीत निजल्या आणि निमी पलीकडच्या. मधे एक भिंत. पहाटेच्या आधी जमीन हलली. भिंतीचं अलीकडचं तोंड बाईंच्या खोलीत आलं, पलीकडचं निमीच्या खोलीत गेलं, आणि मधली माती मात्र बसकण मारून तिथंच राहिली. दोघी दोन बाजूंना अडकल्या. हाक मारली तर मातीत विरून जायची. दगडावर दगड आपटला की मात्र पलीकडं ऐकू जायचं.

"ती ठोकायची, मग मी ठोकायची," बाई म्हणाल्या. "दुपारी लोकांनी मला काढलं. तिला काढलं तेव्हा उशीर झाला होता."

गफूर मिस्त्रीनं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता. मग तो म्हणाला, "घालू का टाके?"

"घाला," बाई म्हणाल्या. "पण दिसू देऊ नका मला."

घर झालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. गिलावा असा गुळगुळीत की हात लावल्यावर रात्रीच्या पाण्याच्या माठाची आठवण यावी. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत पाऊल टाकलं की अंगावर थंडगार सावली पडायची. आणि शांतता. दार लावलं की रस्ता, कुत्री, भांडी, शेजारचा रेडिओ, सगळं कुणीतरी कात्रीनं कापल्यासारखं बंद व्हायचं. मला माझ्या बांगड्यांचा आवाज मोठा वाटायला लागायचा.

राहायला जाण्याआधी बाईंनी भिंतीची परीक्षा घेतली. मला बाहेर उभं केलं आणि सांगितलं, "थापीच्या मुठीनं भिंतीवर ठोकत राहा. मी आतून ऐकते. ऐकू आलं नाही तर भिंत पास." त्या आत गेल्या, दार लागलं. मी ठोकायला सुरुवात केली. थोड्या वेळानं मिस्त्रीनं मला पलीकडून हाक दिली, वाळूवर पाणी मारायचं होतं. मी थापी ठेवून गेले. पाणी मारलं, पाइप गुंडाळला, शेजारच्या वहिनींकडून आलेला चहा सगळ्यांना दिला. तेवढ्यात बाई बाहेर आल्या. चेहरा चुन्यासारखा.

"सुंदरा, आधी काही ऐकू आलं नाही. मग आलं. किती वेळ ठोकत होतीस? हात दुखला नाही का तुझा?"

माझ्या हातात चहाची किटली होती. बाई त्या किटलीकडं बघत राहिल्या. मिस्त्रीही माझ्याकडं बघायला लागला. मी काहीतरी बोलायला हवं होतं, हो म्हणायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "मी तर कवाच थांबले, बाई."

बाईंनी मान हलवली. एखाद्या पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवतात तशी.

त्या घरात झोपायला गेल्या, आणि सकाळी मी गेले तर शेडात खुर्चीवर बसलेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. "काय झालं, बाई?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "फार गप्प आहे गं. बाहेरचं सगळं गेलं ना, मग तेवढंच उरलं." त्यांचं अंथरूण परत पत्र्याखाली आलं.

त्याच सुमारास लातुरात बाहेरगावची पोरं भरायला लागली. बारावीला मार्क काढायचे तर लातुरातच, अशी हवा झाली. कंधार, निलंगा, पार नांदेडपलीकडून आईबाप पोरांना घेऊन यायचे, हातात ट्रंक आणि चिवड्याचा डबा. संध्याकाळी क्लास सुटला की रस्ता सायकलींनी भरून जायचा. गल्लीत जो तो गच्चीवर खोली चढवत होता. गफूर मिस्त्रीला जेवायला सवड नव्हती. "आदी लोक पोरांसाटी घर बांधायचे," तो म्हणायचा, "आता दुसऱ्याच्या पोरांसाटी बांधून ऱ्हायलेत."

बाईंनी घर मुलींना दिलं. मी स्वयंपाकाला राहिले. बिगारी सुटली, मला बरंच वाटलं. थंड घर, गप्प घर, अभ्यासाला याच्यासारखं घर नाही, असं नाव झालं. मुली यायच्या, खूश व्हायच्या, आणि काही दिवसांनी कुणी ना कुणी डोळे चोळत माझ्याजवळ येऊन बसायची. "काकू, इथं पोळ्या लाटताना बसू का? आत कानात घण पडल्यासारखं होतं." एक निलंग्याची मुलगी तर गच्चीत उन्हात बसून अभ्यास करायची आणि पुढं दुसरीकडं राहायला गेली. टिकली ती कंधारची रूपाली. तोंडानं फटकळ, कशाला न भिणारी. गफूर मिस्त्रीला "चाचा, तुमच्या भिंतीनं आमच्या रेंजर सायकलचं पंक्चर पण ऐकू येत नाही" असं चिडवायची. तोही म्हणायचा, "नंबर आला का पेढे देशील, त्याचा आवाज तर यील का न्हाई?"

एका दुपारी ती ताट घेऊन माझ्याजवळ बसली. नेहमीसारखी हसत नव्हती.

"काकू, बाई दुपारी माझ्या खोलीत येतात. मी झोपलेय असं समजून. भिंतीपाशी बसतात आणि बोटानं ठोकतात."

"येऊ दे. त्यांचं घर हाय."

"येऊ दे की. माझं काय जातंय." तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "पण काकू, आधी त्या ठोकत नाहीत."

"म्हंजी?"

"आधी तिकडून येतं. मग बाई."

मी तवा उतरवला. म्हटलं, "ऊन लई हाय बाहेर. विटा तापतेत, मग तडकतेत. आमच्या गावाकडं पत्रे बी वाजतेत दुपारचे."

रूपाली म्हणाली, "हाव. पण ही भिंत तापत नाही ना, काकू. म्हणून तर आम्ही इथं राहतो."

मी पुढची भाकरी थापायला घेतली. ती बोटं उमटून वेडीवाकडी झाली.

बाईंनी मला उरलेलं सांगितलं ते तांदूळ निवडताना. पावसाळा संपत आला होता, गल्लीत गणपतीचे मांडव सुटत होते. त्या दिवसांत बाई अजिबात झोपायच्या नाहीत. दोघी शेडात बसलो होतो. त्यांनी एक खडा उचलला, तो ताटाच्या कडेवर हळू आपटला, आणि त्या आवाजाकडं बघत राहिल्या.

"मी त्या दिवशी मिस्त्रीला अर्धंच सांगितलं," त्या म्हणाल्या. "आधी कोण थांबलं असेल, तुला काय वाटतं?"

मी तांदूळ निवडत राहिले.

"मी थांबले. ठोकलं की वरून माती पडायची. नाकातोंडात जायची. मला वाटलं, माझ्या ठोकण्यानं तिच्यावर पण पडत असेल. गप्प राहू, भिंत हलायला नको, लोक येतीलच. असं ठरवून थांबले मी." खडा त्यांनी पदराच्या टोकात बांधला, जसा काही तो जपून ठेवायचा होता. "ती थांबली नाही. ठोकत राहिली. मग घाईघाईनं ठोकायला लागली. मी तरी उत्तर दिलं नाही. तिला वाटलं असेल, ताई गेली. तेवढंच वाटून घेऊन ती..."

पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. शेवटचा शब्द त्यांनी गिळलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

"आता मी उत्तर देते, सुंदरा. पण मला झोप लागते, आणि झोप लागली की मी परत थांबते. म्हणून मी तिथं निजत नाही. तिनं ठोकावं आणि मी निजलेली असावी, असं पुन्हा नको."

मी तेव्हा त्यांच्या पायावर हात ठेवला. एवढंच सुचलं.

त्यानंतर काही दिवसांनीच एक हादरा आला. मोठा नव्हता. लातुराला असे छोटे हादरे नवे नाहीत, पण आमच्या माणसांचं काळीज त्या मोठ्या भूकंपापासून जमिनीला बांधलेलं आहे. दिवेलागणीची वेळ. मी ओट्यापाशी होते. आधी लांबून ट्रक यावा तशी घरघर पायाखालून आली, मग फळीवरची ताटं एकमेकांवर वाजली. मी कणकेच्या हातानं तशीच पळाले. गल्ली भरून गेली. कुणी तोंडाला साबण लावलेलं, कुणाच्या काखेत टीव्हीचा रिमोट, एक आजोबा देव्हारा घेऊन. रूपाली पुस्तक छातीशी धरून उभी. पोरं हसायला लागली, बाया देवाचं नाव घ्यायला लागल्या. जमीन केव्हाच शांत झाली होती.

"बाई कुठंयत?" रूपाली म्हणाली.

शेड रिकामं होतं. खुर्ची कलंडलेली. सगळी गल्ली घरातून बाहेर आली होती, आणि इतकी वर्षं बाहेर राहिलेल्या बाई घरात गेल्या होत्या.

मी आत गेले. दार मागं लागलं आणि गल्लीचा कालवा बंद झाला. बाई रूपालीच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला गाल लावून. बोटाच्या पेरानं ठोकत होत्या. थांबत होत्या. पुन्हा ठोकत होत्या.

"बाई, चला. परत आला तर?"

"तू जा. मी आहे इथं." त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. भिंतीशीच म्हणाल्या पुन्हा, "मी आहे गं. आहे मी."

त्यांना उठवायला मी वाकले आणि तोल सावरायला भिंतीवर हात टेकला. मला काय जाणवलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. गार गिलाव्याच्या आतून माझ्या तळव्याला कुणीतरी हळूहळू ठोकत होतं. माझी नाडीही असेल. पळत आले होते, काळीज धडधडत होतं. मी हात काढून घेतला, पण बाहेर गेले नाही. भिंतीला पाठ न लावता खोलीच्या मधोमध बसून राहिले.

बाई ठोकत राहिल्या. अंधार पडला. त्यांच्या बोटाची कातडी सोलली होती, गिलाव्यावर बारीक लाल डाग उमटत होते. मग मधलं थांबणं लांब लांब होत गेलं. शेवटी त्यांनी हात वर धरला आणि तो तसाच हवेत राहिला. कान भिंतीला.

"थांबली," बाई म्हणाल्या. "या वेळी ती आधी थांबली."

बाहेर गफूर मिस्त्री सायकल घेऊन उभा होता. कुठंही हादरा बसला की तो आपण बांधलेल्या भिंती बघत गावभर फिरायचा. बॅटरीच्या उजेडात त्यानं सगळं घर बाहेरून बघितलं होतं. "केसाएवढी चीर न्हाई, बाई," तो म्हणाला. बाईंनी त्याच्यासमोर उभं राहून हात जोडले. तो गडबडून गेला. "हे काय वो बाई, लाजवून ऱ्हायलात काय मला?"

बाईंनी शेडातलं अंथरूण उचललं आणि घरात नेलं. रूपाली त्या दिवशी माझ्याकडं जेवली आणि माझ्याच घरी निजली. सकाळी बाई उठल्या नाहीत. ऊन वर आलं तरी नाहीत. मी चहा घेऊन दारात उभी, आत जायचं धैर्य होईना. शेवटी रूपालीनं पुढं होऊन नाकापाशी बोट धरलं आणि खुणेनं सांगितलं, झोपल्यात. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारख्या.

पुढं मुलींना त्यांनी ठेवलं नाही. रूपालीचं वर्ष संपलं, ती पेढे देऊन गेली. माझ्या नवऱ्याला नांदेडला रखवालीचं काम मिळालं, आम्ही तिकडं गेलो. बाईंची खबर अधूनमधून कळायची. बऱ्या आहेत, अंगानं भरल्यात, कुणाकडं जात नाहीत, दार सहसा उघडत नाहीत.

पुतणीच्या लग्नाला लातुरात आले होते तेव्हा दुपारी मी त्यांच्या घराकडं गेले. गल्ली ओळखू येत नव्हती. दोन्ही बाजूंना उंच वसतिगृहं, पाट्या, नंबर आलेल्या पोरांचे मोठमोठे फोटो. मधे बाईंचं बुटकं घर. शेड गेलं होतं. दार आतून लावलेलं, कडी वाजवली तरी कुणी आलं नाही. आत आवाज गेलाच नसेल. मी बाजूच्या खिडकीशी गेले. तिला एकापाठी एक अशा दोन काचा होत्या. तळहातांचा आडोसा करून मी आत बघितलं.

बाई खाटेवर बसून बोलत होत्या. केस पांढरे झालेले, गाल वर आलेले. खाट भिंतीला चिकटवून ठेवलेली. त्या काहीतरी सांगायच्या, मान तिरकी करून थांबायच्या, मग पदर तोंडाला लावून हसायच्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. काचेतून एक अक्षर बाहेर येत नव्हतं. मी ठोकायला बोट वाकवलं, आणि एकदम हात खाली घेतला. मी ठोकलेलं त्यांना कुणाचं वाटलं असतं?

मग बाईंना झोप आली असावी. त्यांनी उशी भिंतीकडं सरकवली, स्वतः खाटेच्या अगदी कडेला आल्या आणि भिंतीकडची अर्धी जागा मोकळी सोडून निजल्या. गोधडी ओढली ती आधी त्या मोकळ्या जागेवर, नीट, खालपर्यंत. उरलेला काठ आपल्या अंगावर घेतला आणि डोळे मिटले.

मी नीट पाहिलं तेव्हा भिंतीकडच्या मोकळ्या जागेवरची गोधडीही जरा वर आलेली होती, खाली कुणी निजल्यासारखी.

गल्लीतून क्लासच्या मुलींचा घोळका हसत गेला. बाई हलल्या नाहीत. गाढ झोपल्या होत्या.